अकोल्यात टाकलेला नांगर

मित्रांनो, मी एक जुना नांगर आहे. शेतातला नव्हे, होडीचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण वऱ्हाडात नांगर म्हटलं की माणसं बैल शोधू लागतात. मला फाळ नाही. मला चार वाकड्या नख्या आहेत, वर दोरीसाठी एक कडी आहे, आणि माझं काम एकच. खाली जायचं आणि धरून राहायचं.

माझा जन्म कोकणात, एका खाडीकाठच्या लोहाराच्या भट्टीत झाला. तिथल्या एका तांडेलांनी, म्हणजे होडीच्या म्होरक्यांनी, मला आपल्या होडीसाठी घडवून घेतलं. पुढे कित्येक वर्षं मी चिखलात रुतून बसलो आणि वर होडी सुखानं डुलत राहिली. होडी जागेवर असली की माझं कोणी नाव काढत नसे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. काम नीट चाललं असेल तर कौतुक कशाला हवं?

तांडेलांचं घर मी रोज पाहत असे. कौलं इतकी खाली उतरलेली की आत शिरताना मान वाकवावी लागे. पुढे रुंद पडवी, तिच्यात भर दुपारीही गारवा. त्या घराच्या भिंतीवर ना शंख होते, ना शिंपले, ना जाळी. शिंपल्यांतलं खाऊन झालं की कवचं उकिरड्यावर जात. समुद्र हे त्यांचं शेत होतं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी शेतातली ढेकळं बरणीत भरून दिवाणखान्यात ठेवतात का?

पुढे तांडेलांच्या मुलांनी नवी होडी घेतली आणि मी भंगारात गेलो. तिथून मला एका सजावटीच्या दुकानदारानं उचललं. त्यानं माझा गंज खरवडला, मला पांढरा रंग दिला, मधे निळा पट्टा ओढला आणि कडीला दोरी गुंडाळली. दोरी नवी होती. ती जुनी दिसावी म्हणून तो ती चहाच्या पाण्यात बुडवून ठेवत असे. मी खरा जुना होतो, म्हणून मला रंगवलं. दोरी नवी होती, म्हणून तिला मळवलं. शहरातल्या शहाणपणाशी माझी ही पहिली ओळख.

मित्रांनो, तिथून मी अकोल्याला आलो. समुद्र सोडा, जिथं नळाचं पाणी आलं की गल्लीत आरोळी उठते, त्या अकोल्याला.

मला आणवलं होतं करिश्मा नावाच्या बाईंनी. त्यांचे यजमान शेखर यांचं बियाण्यांचं दुकान होतं आणि सासरे उत्तमराव हिवरखेडची शेती बटाईनं देऊन मुलाकडे राहायला आले होते. सासूबाई माणिकबाई लकव्यानं दीर्घकाळ अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं करिश्माबाईंनी केलं. माणिकबाई गेल्यावर शेखर करिश्माबाईंना कोकणात फिरायला घेऊन गेले. तिथं त्या वाळूत बसल्या आणि पहिल्यांदा पोटभर रडल्या. परत आल्या त्या समुद्र मनात घेऊन. मला त्या बाईंबद्दल म्हणून कधी तिरस्कार वाटला नाही. तो मी त्यांच्या सजावटकारासाठी राखून ठेवला.

त्याचं नाव प्रीतम. तो अमरावतीचा, आणि समुद्र त्यानं बहुधा मोबाइलमध्येच पाहिला असावा. त्यानं भिंती पांढऱ्याफेक केल्या. पांढरा सोफा आणला. काळ्या मातीच्या मुलखात पांढरा सोफा! आठवड्यातच तो गाढवाच्या रंगाचा झाला. काचेच्या बरण्यांत शिंपले आले, भिंतीवर वल्ही आली, न्हाणीघराच्या दारावर मासा आला. इथपर्यंत नुसता मूर्खपणा होता. मग तो घराच्या पश्चिमेकडे वळला. तिथं टिनाची एक जुनी छपरी होती. बिचारी काही दिसायला देखणी नव्हती, पण ऊन स्वतःच्या पाठीवर झेलत असे.

"ही छपरी काढू. इथं खालपासून वरपर्यंत काच लावू," प्रीतम म्हणाला. "संध्याकाळी सूर्य बुडताना दिसेल. एकदम समुद्रकिनाऱ्यासारखं वाटेल."

"सूर्य बुडते तो सहाले," उत्तमराव म्हणाले. "बारापासून सहापर्यंत तो कुठी राहते, सांग बरं?"

प्रीतम हसला. शेखरही हसले. छपरी गेली.

करिश्माबाईंनी ती काचेची खोली सासऱ्यांना दिली. ती घरातली सगळ्यात सुंदर खोली आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पलंगासमोरच्या भिंतीवर मला टांगलं.

उत्तमरावांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या नख्या एकेक करून चाचपल्या. "हा नांगर हाय म्हणते," ते म्हणाले. "याच्यानं काय नांगरते?"

"मामाजी, हा होडीचा नांगर आहे. होडी वाहून जाऊ नये म्हणून पाण्यात टाकतात," करिश्माबाईंनी सांगितलं.

"मंग इथं काहून टांगला? आपलं घर काय वाहून जाऊन राहिलं का?"

त्या दिवसापासून तो म्हातारा मला आवडला.

घर सजून झाल्यावर ते पाहायला पाहुणे आले. माझ्यापुढे उभं राहून बायकांनी फोटो काढले. "किती छान नांगर!" म्हणत एकीनं माझ्या नखीला पर्स अडकवली. मित्रांनो, मी वादळात होड्या धरल्या आहेत. इथं मी पर्स धरून लटकत होतो.

हिवाळा बरा गेला. मग चैत्र आला आणि त्या काचेनं आपला गुण दाखवला. दुपारी ऊन खोलीत शिरे आणि बाहेर जायचं नाव घेत नसे. काच उघडत नव्हती. उघडली तर सौंदर्य बिघडतं म्हणे. एसी घरघरत राही आणि तरीही उत्तमराव पलंग सरकवत सरकवत दाराशी येत. माझं लोखंड इतकं तापे की रंगाला फोड आले. एकदा उत्तमरावांनी आपलं घोंगडं काचेवर टांगलं. खोलीत जरा अंधार झाला, जरा जीव आला. संध्याकाळी पाहुणे यायचे होते. करिश्माबाईंनी ते घोंगडं काढून त्याची नीट घडी घातली.

"मामाजी, बाहेरून खराब दिसते."

"बरं," उत्तमराव म्हणाले. त्यांनी पुन्हा ते टांगलं नाही. सुनेनं आपल्या बायकोचं केलेलं त्यांनी पाहिलं होतं. अशा सुनेला नाही म्हणायला त्यांचं तोंड उघडत नसे.

मे महिन्यातल्या एका दुपारी लाइट गेली. शेखर दुकानात होते, करिश्माबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. एसी थांबला आणि खोली भट्टी झाली. भट्टी म्हणजे काय ते मला विचारा. माझा जन्मच तिथला. उत्तमराव आधी घाम पुसत होते. मग त्यांचा घाम थांबला. मला वाटलं, बरं झालं. मला माणसाच्या शरीराचं काय कळणार! मग ते उठायला गेले आणि पलंगाशीच खाली बसले. "माणिक, पाणी दे वं," असं काहीतरी पुटपुटले. माणिकबाई तर नव्हत्याच. मी भिंतीवर शोभत होतो.

करिश्माबाई ताक घेऊन आल्या आणि पेला त्यांच्या हातातून गळाला. सासऱ्यांच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. मग त्या बाईंनी काय केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी सासऱ्यांना बगलेत धरून ओढत मधल्या अंधाऱ्या बोळात नेलं. पलंगावरची नवी निळी चादर बादलीत बुडवून त्यांच्या अंगावर टाकली, तिच्यावर पाणी ओतत राहिल्या आणि सुपानं वारा घालत शेजारच्या शफीकभाईंना हाका मारल्या. शफीकभाई गाडी घेऊन आले.

"भाभी, कपडा ओलाच राहू द्या, पाणी संगं घ्या," ते म्हणाले आणि दोघांनी मिळून उत्तमरावांना दवाखान्यात पोचवलं.

उत्तमराव वाचले. डॉक्टर म्हणाले, ओली चादर घातली नसती तर सांगता आलं नसतं. करिश्माबाईंना हे कोणी शिकवलं होतं? त्या दर्यापूरच्या. टिनाखाली वाढलेल्या. लहानपणी घरात कोणाला ऊन लागलं की त्यांची आई हेच करी. सकाळी दहाच्या आत खिडक्या बंद, दारावर ओलं पोतं, ऊन उतरलं की सगळं उघडं. हे सगळं त्यांना येत होतं. फक्त त्यांना त्याची लाज वाटत होती.

सासरे दवाखान्यात असतानाच करिश्माबाईंनी प्रीतमला बोलावलं. तो आला, काचेकडे पाहून त्यानं मान हलवली. "आणखी एक एसी लावू, ताई. आणि आतून पांढरे पडदे."

"ऊन आत घ्यायचं आन् मंग आत त्याले अडवायचं?" करिश्माबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमी या खोलीत एक दुपार बसले का कधी?"

"ताई, लूक बिघडेल ना."

"बिघडू द्या."

शेखर मधे पडले. "करिश्मा, तुलेच तर समुद्रासारखं घर पाहिजे होतं."

"मले अजूनही पाहिजे. पण आपण कोकणात ज्या घरी जेवलो, तिथं पडवीत शिरताना तुमचं डोकं आपटलं होतं, आठवते? समुद्राजवळच्या लोकायनं छपरी काढली नाही. आपण काढली."

मित्रांनो, इतक्या काळात त्या घरात कोणी समुद्राबद्दल बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं.

मग पश्चिमेला पुन्हा छपरी आली, आधीपेक्षा रुंद आणि खाली उतरलेली, तिच्यावर कौलं. अर्धी काच काढून तिथं लाकडी झडपांची खिडकी बसवली. छपरीच्या कडेला वाळ्याची ताटी सोडली. कोकणात दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि माणसं त्याला घरात घेतात. इथं दुपारचा वारा भाजून काढतो, त्याला बाहेरच अडवावं लागतं किंवा ओल्या वाळ्यातून गाळून घ्यावं लागतं. पांढरा सोफा गेला, वेताच्या खुर्च्या राहिल्या. निळा रंग राहिला, शिंपले गेले. नळाचं पाणी ताटीवर घालणं परवडणारं नव्हतं, म्हणून बोअरचं घालायचं ठरलं. ते खारं. या भागात जमिनीखाली खारंच पाणी लागतं. शेतकरी त्याला शिव्या देतात. मला मात्र ते अंगावर उडालं की जुने दिवस आठवतात.

हो, माझ्या अंगावर उडतं. ते असं झालं. उत्तमराव घरी आल्यावर एका संध्याकाळी वावटळ उठली आणि ताटी फडफडायला लागली. आता ती उडून शेजारच्या गच्चीवर जाणार, अशी वेळ आली. उत्तमराव खाटेवरूनच म्हणाले, "सूनबाई, तो लटकवलेला काढ. त्याले बांध खाली."

करिश्माबाईंनी मला खिळ्यावरून उतरवलं. चहात बुडवलेली दोरी पहिल्याच झटक्यात तुटली. मग त्यांनी कासऱ्याची जाड दोरी आणून ताटीची खालची काठी माझ्या कडीला बांधली आणि मला छपरीखालच्या मातीत रोवलं. वावटळीनं जोर लावला. दोरी ताणली. मी नख्या रुतवल्या आणि धरून राहिलो.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंची आठवण आली तर आम्हाला रंगवून भिंतीवर लटकवू नका. आम्हाला काम द्या, नाहीतर सरळ वितळवा. आणि दूरच्या गावाचं घर आवडलं तर त्याच्या भिंतीवर काय टांगलंय ते पाहू नका. त्याची सावली कुठं पडते ते पाहा.

मागच्या महिन्यात प्रीतम आपल्या जाहिरातीसाठी फोटो काढायला आला होता. छपरी त्यानंच सुचवली, असं तो आता लोकांना सांगतो. उत्तमराव वेताच्या खुर्चीत बसून संत्रं सोलत होते. प्रीतमनं खोलीतली रिकामी भिंत पाहिली आणि विचारलं, "काका, इथला नांगर कुठं गेला?"

उत्तमरावांनी एक फोड तोंडात टाकली.

"तो कामावर हाय."