मधल्याचा दिवा

तळघरात बसून इस्पितळाचे संगणक सांभाळणाऱ्या त्याला सगळे 'तळघर' म्हणत. "तळघराला विचारा," असं कुणी म्हणालं की त्याचा फोन वाजायचा. यंत्रं बिघडली तरच लोकांना त्याची आठवण होई, आणि तो यंत्रं बिघडू देत नसे. म्हणजे एकटेपण त्याने स्वतःच्या हुशारीने कमावलेलं होतं.

त्या सकाळी वीज गेली आणि आली. थोरला आणि धाकटा हे दोन सर्व्हर उठले, पण सामायिक डिस्क काही जोडली जाईना. थोरला, मधला, धाकटा ही नावं त्याच्या कामातल्या जोडीदाराने ठेवलेली. तीन भावांत कपाट एकच, आणि त्यात सगळ्या रुग्णांचे स्कॅन. कुणी कुठल्या फाइलला कधी हात लावायचा, हे कुलपांचा कारभार पाहणारा प्रोग्राम ठरवायचा; तिघांचं उत्तर आल्याशिवाय तो पुढे सरकत नसे. आज मधल्याची दातखीळ बसली होती. कितीतरी कुलपं त्याच्या नावावर होती, आणि बाकीचे दोघे त्याच्या तोंडाकडे बघत ताटकळले होते.

"टेबलावर पेशंट आहे," सर्जन फोनवर म्हणाले. "स्कॅन दिसल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. आणि तिच्याकडे फार वेळ नाही."

मधला मेला, असं कारभाऱ्याला सांगितलं की कुलपं सुटली असती. पण मधला खरोखर बंद हवा. मध्येच जागा होऊन त्यानेही लिहायला घेतलं, तर सगळ्या स्कॅनचा विचका. आणि मधल्याला खोडच होती, बंद केला तरी थोड्या वेळाने आपणहून उठायचा. वायर उपटावी तर मागे तिघांचा गुंता. म्हणून जोडीदाराबरोबर एक रीत पडली होती: एकाने यंत्रांच्या खोलीत बटण दाबून मधल्याच्या दिव्यावर नजर ठेवायची आणि 'बंद आहे' असं ओरडायचं, दुसऱ्याने बाहेर टेबलाशी बसून कुलपं सोडवायची.

पण मागे एके सकाळी जोडीदार आला नाही, तो आलाच नाही. झोपेतच हृदय थांबलं. ऑफिसने दुसरा माणूस देऊ केला, तेव्हा याने ताठ्यात सांगितलं, "गरज नाही." खरं म्हणजे जोडीदाराच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं त्याला बघवलं नसतं.

त्याने एकट्यानेच करून पाहिलं. बटण दाबलं, टेबलाशी धावला, शंका आली म्हणून परत गेला, तर दिवा हिरवागार. पुन्हा तेच झालं. शेवटी झक मारत जिना चढला.

नोंदणीच्या खिडकीतल्या बाई बंद पडलेल्या संगणकासमोर बसून होत्या. रोज त्यांच्यासमोरून जायचा, पण कधी बोलला नव्हता.

"जरा खाली येता का? एका दिव्याकडे बघत बसायचंय."

"दिव्याकडे?"

"विझलेला आहे ना, एवढं ओरडून सांगायचं. पेटला तर लगेच बटण दाबायचं."

"चला. इथे तरी माशाच मारतेय मी."

खाली त्याने बटण दाबून त्यांना दिवा दाखवला आणि बाहेर येऊन तो टेबलाशी बसला. दाराआडून आवाज आला, "बंद आहे हो."

बोटं कळफलकावर होती, पण त्याने आधी दाराकडे पाहिलं. त्या खोलीतून त्याला कुणी हाक दिल्याला किती काळ लोटला होता. मग त्याने हुकूम दिला. कुलपं सुटली, डिस्क जोडली गेली. मधल्याची वाट डिस्कपाशी अडवणं ती जोडल्यावरच जमायचं, तेही त्याने केलं; आता तो उठला तरी काही बिघडणार नव्हतं.

फोन वाजला. "दिसला स्कॅन," सर्जन म्हणाले आणि फोन ठेवला.

"अजून बंदच आहे," आतून बाई म्हणाल्या.

'झालं, या बाहेर,' एवढंच म्हणायचं होतं. त्याने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. त्याला रडू येईल असं वाटलं.

"नीट बघताय ना?" त्याने विचारलं.

"डोळ्यांत तेल घालून बघतेय."

"मग थोडा वेळ सांगत राहा," तो म्हणाला.