मी, ड्रायव्हरताई आणि वार खोडलेला तक्ता

मी एक जुना डंबेल आहे, मित्रांनो. वजन पक्के दहा किलो. माझा जुळा भाऊ माझ्या शेजारीच, पलंगाखाली असतो. आम्ही एकाच भट्टीत वितळलो आणि एकाच दिवशी वाळूच्या साच्यात ओतले गेलो. माझा साचा तेवढा हलला, म्हणून मी अजूनही जरा कलून बसतो. भाऊ त्यावरून मला चिडवतो.

उमेदीची वीस वर्षे आम्ही एका व्यायामशाळेत काढली. तिथले मास्तर नव्या माणसाला आमची ओळख मोठ्या कौतुकाने करून देत. पुढे व्यायामशाळा बंद पडली आणि मास्तरांनी आम्हाला शेजारच्या ताईच्या हवाली केले. ही ताई बस चालवते. तिचे बाबा सुतार होते. आता त्यांचे पाय चालत नाहीत, पण खुर्चीत बसवले की ते दिवसभर लाकडी चमचे कोरतात. पलंगावरून खुर्चीत त्यांना रोज ताईच बसवायची. ते बळ तिला आम्ही दिले, हे मी जरा फुशारकीनेच सांगतो.

मास्तरांनी तिला तक्ता करून दिला होता. सोमवारी पाय, बुधवारी पाठ, शुक्रवारी खांदे. दोन वर्षे सगळे सुरळीत चालले. मग तिची ड्युटी बदलली. चार दिवस पहाटेपासून बस आणि दोन दिवस सुट्टी. सुट्टी दर वेळी वेगळ्याच वारी येऊ लागली आणि तक्त्याचे तंत्र बिघडले.

ताई पडली ड्रायव्हर. बसला उशीर झाला की वाटेत वेळ भरून काढायचा, हे तिच्या अंगात मुरलेले. राहिलेला सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे तिन्ही व्यायाम तिने एकाच सकाळी उरकायला घेतले. शेवटी शेवटी तिचे हात थरथरत होते. मला ओरडता येत नाही, नाहीतर मी तेव्हा नक्की ओरडलो असतो. मला उचलता उचलताच तिच्या कमरेत उसण भरली.

सहा दिवस बाबा पलंगावरच राहिले. ताईचा भाऊ आला आणि बाबांना वृद्धाश्रमात ठेवूया म्हणाला. माणूस वाईट नाही, काळजीपोटीच बोलत होता. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला फार अपराधी वाटले.

मास्तरांना हे कळताच ते आले. तक्ता बघून ते म्हणाले, "तुझ्या अंगाला वार कळत नाहीत गं. काम कळतं आणि आराम कळतो. राहिलं ते राहिलं. ते भरून काढायचं नाही, पुढचं करायचं."

त्यांनी वार खोडले आणि तिथे एक, दोन, तीन असे आकडे घातले. सुट्टीच्या पहिल्या दिवशी एकच व्यायाम, दुसऱ्या दिवशी आराम. ड्युटीच्या चार दिवसांत एकदाच, घरी आल्यावर अर्धा तास, आणि तोही ती जिथे थांबली असेल त्याच्या पुढच्या आकड्याचा. कंबर पूर्ण बरी होईपर्यंत मात्र आम्हाला हात लावायचा नाही, असेही बजावले. आश्रमाचा विचार दोन महिने बाजूला ठेवायला त्यांनी ताईच्या भावालाही राजी केले. तोवर रोज सकाळी तोच बाबांना खुर्चीत बसवायला येऊ लागला.

कंबर सावरल्यावर ताईने सुरुवात केली ती पाण्याच्या बाटल्यांनी. आम्ही पलंगाखाली धूळ खात आणि बाटल्यांचा एवढा मान! राग आला, खोटे कशाला बोलू? पण तिचा हात आता थरथरत नव्हता. पुढे एका दुपारी तिने आम्हाला ओढून बाहेर काढले, पुसले आणि हळूच उचलले.

दोन महिने भरत आले. एका सकाळी भाऊ नेहमीसारखा पुढे झाला, तर ताई म्हणाली, "थांब, आज मी."

तिने गुडघे वाकवले, बाबांना छातीशी धरले आणि उठली. भाऊ हात पुढे करूनच उभा होता. बाबा खुर्चीत नीट बसले.

"आता आश्रमाचं काढू नकोस रे," ते म्हणाले.

"नाही काढत, बाबा," भाऊ म्हणाला आणि डोळे पुसू लागला.

मित्रांनो, आठवडा बदलला म्हणून आम्हाला माळ्यावर टाकू नका. राहिलेले सगळे एका दिवसात उरकायलाही येऊ नका. जमेल त्या दिवशी या, झेपेल तेवढेच उचला आणि स्वतःला जपा. आज तुम्ही आम्हाला उचलता, पण उद्या कदाचित तुम्हाला तुमचे माणूस उचलायचे असेल.