काकांचा चेहरा, पुतणीचा हात

मित्रांनो, मी एक जुनं काळं-पांढरं चित्र आहे. रंग नाहीत म्हणून नाकं मुरडू नका. कोळशाच्या एका कांडीत किती तऱ्हेचे काळे असतात, ते माझ्याकडे बघून मोजा!

माझा जन्म चष्म्याच्या दुकानात झाला. दुकान काकांचं, आणि काचा पुसायला त्यांची पुतणी. गिऱ्हाईक नसलं की ती काकांना कागदावर उतरवायची. चुकलेली रेघ पावाच्या मऊ गोळीने टिपायची. शेवटी कोळसा झडू नये म्हणून तिने काकूचा केसांचा स्प्रे माझ्यावर मारला. आठवडाभर मला काकूच्या अंबाड्याचा वास येत होता!

काका जाम खूश. "अगं, हा तर मीच की!"

कोपऱ्यात तिने आपलं नाव लिहिलं होतं. फ्रेमवाला म्हणाला, "साहेब, कडेचा पुठ्ठा नावावर येतोय. मोठी फ्रेम करू?"

"येऊ दे हो. नावाला कोण बघतंय?"

मग गिऱ्हाइकं विचारायची, "कुणी काढलं?" काका मान ताठ करून सांगायचे, "खास चित्रकार बोलावला होता." आणि ती तिथेच काचा पुसत असायची!

एके दिवशी चित्रकलेच्या कॉलेजचे सर चष्मा न्यायला आले. नवा चष्मा लावून माझ्यासमोर उभेच राहिले. "असा हात असलेल्याला मी आजच्या आज प्रवेश देईन. एकच जागा उरलीय."

पुतणीच्या हातातलं फडकं गळून पडलं. "सर, मी काढलंय!"

इतकी वर्षं मारलेली थाप काका आता कशी गिळणार? ते मोठ्याने हसले. "अहो, हिला साधी रेघ सरळ येत नाही. जा गं, चहा टाक."

सरही हसले. मला ओरडायचं होतं, 'पुठ्ठा उचला, नाव वाचा!' पण कोळशाच्या ओठांना आवाज कुठला?

ती चहा घेऊन आली तेव्हा सर निघून गेले होते. तिने पुन्हा कांडी हातात धरली नाही.

आता माझ्या जागी टीव्ही आहे आणि मी माळ्यावर, तुटक्या खोक्यांत. मित्रांनो, जुन्या चित्रांवरची धूळ जरूर झटका. पण त्याआधी, चित्र काढणारी शेजारी उभी राहून काही सांगत असेल, तर तिचं ऐका.

अजूनही कुणी माळ्यावर चढलं की म्हणतं, "काय मायाळू डोळे आहेत काकांचे!"

काकांचे डोळे तसे कधीच नव्हते. ती माया तिने घातली होती.