तव्यावरचा थेंब

वैशाखातल्या अमावास्येला उधाणाची भरती आली आणि वेताळखार गावाच्या बांधाला खांड पडली. खाडीचं पाणी शेतांवरून चालत आलं, घराघरांत गुडघाभर उभं राहिलं आणि ओहोटीबरोबर आल्या वाटेने निघून गेलं. माणसं माळ्यावर चढली होती, जनावरं आधीच देवळाच्या चौथऱ्यावर नेली होती, त्यामुळे जीव कुणाचा गेला नाही. गेली ती यंत्रं. वाशिंग मशीन, फ्रिज, मिक्सर, टेबल फॅन. बंदरात पाळ्या करून, ट्रेलर चालवून पोरांनी घरात आणलेलं एकेक सामान खारं पाणी पिऊन गप्प बसलं.

मग गावाने नेहमी करतं तेच केलं. ओलं झालं ते उन्हात घातलं. ज्या खळ्यावर भात सुकायचं, मिरच्या सुकायच्या, खाडीचा जवळा सुकायचा, तिथे आता मशिनींची रांग लागली. बायका दुपारी जाऊन त्यांची तोंडं उन्हाकडे फिरवून यायच्या. कडक ऊन खाऊन यंत्रं खणखणीत वाळली, लोकांनी ती घरी नेऊन चालू केली, आणि एकामागून एक धूर काढून ती कायमची मेली. मेलेली यंत्रं परत खळ्यावर आली. या खेपेला ढीग झाला. बांधाचं काम उरकलं की पेणहून भंगारवाल्याची गाडी यायची होती.

चांगदेव पाटलाचं मशीनही त्याच वाटेने गेलं. सकाळी त्याने बटण फिरवलं, मशीन दोन गिरक्या घेऊन गुरगुरलं, जळका वास आला आणि घरातली वीज गेली. त्याची बायको गोदू दारात उभी राहून बघत होती. मशीनमध्ये घालायचे कपडे तिने परत टोपलीत टाकले, आणि चांगदेवाला तेच जास्त लागलं.

कारण ते मशीन नुसतं मशीन नव्हतं. गेल्या पावसाळ्यात गोदू विहिरीवर घसरली, उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. त्या हाताने भाकरी थापता येत होती, पण धुतलेले कपडे पिळता येत नव्हते. म्हणून मुलाने, प्रणयने, मशीन आणून दिलं. आता त्याने फोनवर सांगितलं होतं की नवं मशीन तो आजही घेईल, पण वेताळखारला नाही. ज्या घरात खाडी शिरते तिथे सामान कशाला घालायचं? येत्या रविवारी टेम्पो घेऊन येतो, दोघं माझ्याकडे उलव्याला चला. लिफ्ट आहे, नळ आहे, आईच्या हाताला आराम आहे.

 चांगदेव जन्मभर मिठागरावर राबलेला; मिठागरं बंद पडली तरी तो गावात राहिला होता. बांध बांधायला घरटी एक माणूस जायचा, आणि चांगदेव सत्तरीला टेकला तरी त्याच्या घराचा माणूस तोच होता. चिखलाची ढेकळं आता त्याला पेलवत नसत. तो कडेला उभा राहून कुठे दाबायचं ते सांगायचा. पण घर बंद झालं की बांधावर त्याची जागा उरणार नव्हती. उलव्याच्या गॅलरीत बसून त्याने कोणता बांध राखायचा होता?

गोदूला त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मना नको विचारू. मशीन चालली तर मी हतंच ऱ्हानार. नाय चालली तर मी टेम्पोत."

म्हणून चांगदेव कोयता घेऊन खळ्यावर गेला.

त्याचा हिशेब सरळ होता. आपल्या मशीनची मोटर जळली. ढिगात इतकी यंत्रं पडलीत, एखाद्याची मोटर काढायची आणि बसवायची. नारळ सोलणारा, बांबू तासणारा कोयता हे काम करीलच. सगळ्यांत मोठी मोटर त्याला एका फ्रिजच्या पाठीला दिसली, काळ्या कळशीसारखी. तिला तांब्याच्या नळ्या होत्या. त्याने कोयता उचलला.

"तात्या, हात मागे."

आवाज सुचिताचा होता. ही त्याच्या पुतण्याची बायको. माहेर पनवेलचं, वडिलांचं तिथे दुरुस्तीचं दुकान. लग्न होऊन आली तेव्हा पेटीत साड्यांच्या खाली पकडी आणि पाने घेऊन आली होती, आणि आता ओटीवर बसून गावाचे पंखे-मिक्सर बघायची. ती धावत आली नाही, ओरडली नाही. चालत येऊन तिने कोयता त्याच्या हातून काढून घेतला आणि खळ्याच्या काठावर नेऊन ठेवला.

मग तिने सांगितलं. त्या नळीत गॅस आहे. नव्या फ्रिजांमधला गॅस पेटतो, आणि तात्या, तुमच्या तोंडात विडी आहे. फ्रिज कापायचा नाही, आडवा लोळवायचा नाही, पेणला एक माणूस यंत्र लावून गॅस काढून घेतो, त्याच्याकडे तसाच द्यायचा. शिवाय ती मोटर कपडे धुवायची नव्हेच. शेजारचा मायक्रोवेव्ह तर आपण उघडायचाच नाही. माझे वडील उघडायचे, मी उघडत नाही.

"मग तू उघडतंस तरी काय?" चांगदेवाने विचारलं.

"ज्याची वीज मला उतरवता येते ते."

चांगदेव हसला. वीज तर प्लग काढला की गेली. तेव्हा ती त्याला त्याच्या स्वतःच्या घरी घेऊन आली. मशीन पडवीत होतं, प्लग भिंतीवर लोंबत होता. तिने पाठीचं पत्र्याचं झाकण सोडवलं आणि आत न शिवता बोट दाखवलं. मोटरशेजारी अंगठ्याहून जाड अशी एक पांढरी डबी होती. हा कंडेन्सर. मोटरला धक्का द्यायला हा वीज साठवून ठेवतो. एरवी ती वीज मोटरच्या तारांतून आपोआप उतरते, पण मोटर आतून जळून तार तुटली असेल तर ती डबीतच अडकून राहते.

सुचिताने हातमोजे घातले, एका बल्बला जोडलेल्या दोन लांब तारा घेतल्या आणि त्यांची टोकं डबीच्या टोकांना टेकवली. बल्ब डोळा मिचकावल्यासारखा चमकला आणि विझला.

चांगदेवाने भिंतीवर लोंबणाऱ्या प्लगकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. सकाळी हाच हात तो त्या झाकणातून आत घालणार होता, पण पाना सापडला नव्हता.

"पाना गोदूने लपवला व्हता," तो हळूच म्हणाला.

"लपवला नव्हता," आतून गोदू म्हणाली. "मी त्याने खोबरं फोडलं, आनि तो चुलीमागे पडला."

तेव्हापासून चांगदेव सुचिताच्या म्हणण्याबाहेर गेला नाही. दोघांनी मिळून ढीग चाळला. ती सांगेल ते तो उचलायचा, ती बल्ब टेकवेपर्यंत मागे उभा राहायचा. एका मशीनची मोटर चांगली दिसली, तिची तार कुठेच तुटलेली नव्हती. दुसऱ्याचा टायमर, तिसऱ्याचा पट्टा, एकाची पाण्याची नळी, एकाचं पिवळं झाकण. आतला काळवंडलेला कंडेन्सर मात्र तिने घेतला नाही. तो नवाच आणायचा म्हणाली. ज्याचं मशीन त्याला विचारून तो भाग काढायचा, असाही तिचा नियम होता. लोक म्हणायचे, ने की, मेलेल्याला काय विचारतंस.

पण मोटर काही रुळावर येईना. सुचिताकडे वडिलांचा एक जुना मीटर होता, हाताने हँडल फिरवायचा. मोटरमधली वीज तिच्या लोखंडी अंगावर झिरपते का ते त्याचा काटा सांगायचा. झिरपत असेल तर मशीनला हात लावणाऱ्या बाईला झटका. दुपारी उन्हातून उचललेली मोटर मीटरला लावली की काटा म्हणायचा, ठीक आहे. सकाळी तीच मोटर लावली की काटा म्हणायचा, झिरपते. परत ऊन द्यायचं, परत दुपारी ठीक, परत सकाळी झिरपते. रविवार जवळ येत होता. सुचिता वैतागून म्हणाली की तारांचं आवरण आतून गेलं असणार, आता ही मोटरही सोडून द्यावी.

चांगदेव मोटर मांडीवर घेऊन पडवीत बसून राहिला. पहाटेची दमट हवा होती. मोटरच्या अंगावर त्याचं बोट फिरलं तेव्हा ते किंचित बुळबुळीत लागलं. तो स्पर्श त्याच्या ओळखीचा होता. आयुष्य गेलं होतं त्या स्पर्शात. मिठागरावर मिठाची रास कितीही वाळवा, वर गवताचं छप्पर घाला, हवा दमट झाली की रास घाम गाळायची. पाऊस न पडताही तिच्या पायथ्याला ओघळ यायचे.

तो उठून सुचिताच्या ओटीवर गेला.

"पोरी, आपन ही मोटर सुकवली. धुतली कुठं? पानी गेलं, मीठ आतच हाय. दिवसा वालतं, राती हवेतली ओल ओढून घेतं."

सुचिताने हातातला पाना खाली ठेवला. पनवेलला पुराचं पाणी आलं की वडील मोटरी धुवायचे हे तिने पाहिलं होतं, पण चिखल निघावा म्हणून. इथे चिखल नव्हता, मोटर वरून स्वच्छ दिसत होती, म्हणून तिच्या मनातच आलं नाही. आणि आख्ख्या गावाने आपली यंत्रं जवळ्यासारखी खारवून वाळवली होती.

आता प्रश्न पाण्याचा. खाडीने तळं आणि विहीर दोन्ही खारी करून ठेवली होती. गोडं पाणी टँकरने यायचं, आणि घरोघर ते प्यायला पुरवून पुरवून वापरलं जायचं. चांगदेव हंड्याकडे बघून घुटमळला. गोदूने त्याचं बघणं ओळखलं आणि हंडा पायाने पुढे सरकवला.

"धू. आंघोळ मी रविवारी उलव्याला करीन, नायतर हतं करीन."

सुचिताने मोटर उघडली, बेअरिंगं काढून बाजूला ठेवली. मग पातेल्यात मोटर बुडवायची, हलवायची, पाणी सांडायचं, परत नवं घ्यायचं. थोडं थोडं पाणी, पण परत परत. पुरे कधी म्हणायचं हा पेच आला. चांगदेवाने बोट पाण्यात बुडवून जिभेकडे नेलं, तेव्हा सुचिताने त्याचा हात धरला. त्यात ग्रीस आहे तात्या, काय काय आहे, तोंडात घालायचं नाही.

तेव्हा त्याने गोदूचा तवा मागितला. तिने तो कशाला म्हणून विचारलं, उत्तर ऐकून कपाळाला हात लावला आणि तरी दिला. चांगदेवाने तवा उन्हात तापवला आणि धुतल्या पाण्याचा एक थेंब त्यावर टाकला. थेंब आटला आणि काळ्या लोखंडावर पांढरं कडं राहिलं. मिठागरात पाणी अडवलेल्या वाफ्याच्या, कोंडीच्या, काठाला पहिलं मीठ धरतं तसंच, फक्त नखाएवढं. परत धुतलं, परत थेंब टाकला. कडं बारीक झालं. टँकरच्या नुसत्या पाण्याचा थेंब त्याने शेजारी टाकून बघितला, तोही फिकट डाग ठेवत होता. दोन्ही डाग सारखे दिसायला लागले तेव्हा त्याने हात थांबवला आणि म्हणाला, आता गोडं झालं.

यापुढे त्याला काही येत नव्हतं, ते सगळं सुचिताने केलं. पत्र्याच्या खोलीत, सावलीतल्या उकाड्यात मोटर सावकाश वाळवली, तारांना वार्निश पाजलं, पेणहून नवी बेअरिंगं आणि नवा कंडेन्सर आणला. अर्थिंगची तार तिने स्वतः तपासली, कारण गावात निम्म्या घरांत ती नुसती शोभेला होती. शनिवारी दुपारी काटा ठीक म्हणाला, पण त्यावर कुणीच खूश झालं नाही. दुपार खोटं बोलते हे आता सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी सकाळी हवा अशी दमट होती की दोरीवरचं फडकं गळत होतं. प्रणयचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला. तो उतरला तर आई-बाप आणि वहिनी पडवीत मशीनभोवती बसलेले. सामान बांधलेलं कुठेच दिसेना. त्याने बापाला हाक मारली, तर बापाने वर न बघता हाताने थांब म्हटलं.

सुचिता हँडल फिरवत होती. काटा उठला आणि काल दुपारी होता तिथेच जाऊन उभा राहिला. तिने एकदा खात्री केली, परत केली. मग सगळ्यांना चपला घालून मागे व्हायला लावलं आणि प्लग खोचला. मशीन गुरगुरलं, थांबल्यासारखं झालं, आणि पाणी घुसळायला लागलं. रंगाने तर ते सोंगच होतं, निळ्या अंगाला पिवळं झाकण. पण फिरत होतं.

प्रणय वाकून आत घुसळणारं पाणी बघून आला. मग म्हणाला की आज चाललं, पुढच्या उधाणाचं काय?

"पुढच्या उधानाला आधी ती माल्यावर जाईल," चांगदेव म्हणाला. "आनि बांध आमी या खेपेला रुंद केलाय. तू बघून तरी ये."

प्रणय आईकडे वळला. गोदूने त्याच्या अंगातला शर्ट चिमटीत धरून बघितला आणि म्हणाली, "किती मलकट हाय. काढ, मशीनमध्ये टाकते. जेवूनच जा."

दुपारपर्यंत बातमी फिरली आणि खळ्यावरच्या ढिगातून लोक आपापली यंत्रं ओळखून काढायला लागले. सुचिताने आधीच बजावलं की सगळी चालणार नाहीत, जळलेली ती जळलेलीच, आणि तिने बल्ब टेकवल्याशिवाय कुणी झाकण उघडायचं नाही. फ्रिज आणि मायक्रोवेव्ह मात्र बिनकापलेले, उभेच्या उभे बांधून प्रणयच्या टेम्पोत चढले. रिकामा परत जाण्यापेक्षा पेणच्या गॅसवाल्याकडे उतरवून जाईन म्हणाला. जाताना त्याचा शर्ट दोरीवरच राहिला. पुढच्या रविवारी नेतो म्हणाला.

चांगदेव खळ्यावर उकिडवा बसून कुणाच्या तरी मिक्सरच्या मोटरीचं पाणी थेंबथेंब टाकत होता. भोवती माणसं वाकून बघत होती. तेवढ्यात घराच्या दारातून गोदूची हाक आली.

"अवो, तवा आना आता. भाकरी काय खल्यावर भाजू?"

त्याने शेवटचा थेंब आटेपर्यंत वाट बघितली, मग तवा धोतराच्या सोग्याने पुसला आणि तो उठला.