माझ्या पाठीवरची मगर

मी एक जुना घड्याळाचा पट्टा आहे. कशाचा, ते एवढ्यात विचारू नका. त्या एका प्रश्नाच्या धास्तीनेच माझा अर्धा जन्म गेला. आता अंगाची सालं निघाली, भोकं फाटली, तरी कुणी मला उचलून उजेडाकडे धरलं की मी अजून अंग चोरतो. मित्रांनो, तुम्ही हसाल. पण मी आहेच जन्माचा भित्रा.

माझा जन्म भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यातला. शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या पातेल्यांना पॉलिश करणारी यंत्रं दिवसभर किंचाळायची आणि आमच्याकडे पट्ट्यांचं काम चालायचं. मी आधी रेक्झिनच्या एका लांबलचक गुंडाळीत होतो. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला चकचकीत लेप. स्कूटरच्या सीटला असतो ना, तोच. रंग तपकिरी, अंग सपाट, डोक्याला ताप नाही. सुखाचे दिवस होते हो ते! मग एकदा तापलेला साचा माझ्यावर असा दाबला की मला वाटलं, संपलं सगळं. साचा उचलला तेव्हा माझ्या अंगभर चौकोनी खवले उठले होते. मग मला कापलं, शिवलं, बक्कल लावलं आणि शेवटी पाठीवर, मनगटाला टेकते त्या बाजूला, सोनेरी अक्षरं ठोकली : ‘असली मगर’.

मगर म्हणजे काय, हेही मला ठाऊक नव्हतं. पण छाप मारणारा माणूस शेजारच्याला डोळा मारून म्हणाला, “पकडा गया तो गया काम से.” ते मी असं मनाला लावून घेतलं की काय सांगू! त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

तिथून मी मीरा रोडच्या एका दुकानात गेलो. काचेखाली पुठ्ठ्यावर आम्ही ओळीने टांगलेले. माझ्या एका बाजूला ‘शहामृग’, दुसऱ्या बाजूला ‘साप’, खाली ‘घोरपड’. सगळे एकाच गाळ्यातले, एकाच गुंडाळीचे! पण दुकानात आल्यावर कुणी कुणाला ओळख दाखवेना. दुकानदार चंदनशेठ गिऱ्हाइकांना सांगायचा, “सिंगापूर का माल है.” भाईंदरची खाडीसुद्धा ओलांडली नव्हती आम्ही, सिंगापूर कसलं घेऊन बसलात! कुणी काचेवर बोट टेकवलं की मी देवाचा धावा करायचो, शहामृगाला घे, सापाला घे, पण मला नको.

आणि एका दुपारी दशरथकाका आले. पोस्टातून निवृत्त झालेले, शर्टाची घडी मोडू नये म्हणून जपून चालणारे. रुमालात गुंडाळलेली डबी त्यांनी काचेवर ठेवली. आत छान सोनेरी घड्याळ होतं. निवृत्तीला ऑफिसने दिलेलं. त्यांनी एकदाही न वापरता कपाटात जपलेलं. पण खाडीच्या हवेने त्याचा मूळचा पट्टा कडक होऊन तडकला होता.

“चांगल्यातला पट्टा दाखवा. व्याह्यांना द्यायचंय,” काका म्हणाले. “म्हणजे... अजून व्हायचेत व्याही. पण होतील.”

चंदनशेठने पुठ्ठाच पुढे सरकवला. काकांनी शहामृगाला हात लावला आणि पटकन मागे घेतला. “याला काय गोवर उठलाय का? नको.” मग साप. “छे छे, शुभकार्यात साप कशाला!” घोरपडीचं नाव ऐकूनच त्यांनी मान हलवली. “आमच्या रत्नागिरीकडे घोरपड घरात आली की म्हाताऱ्या आरडाओरडा करायच्या.”

मग त्यांची नजर माझ्यावर आली. मी आक्रसलो. काका हळूच म्हणाले, “आमच्या मोठ्या साहेबांच्या मनगटावर असाच होता. मगरीचा. सगळे बघत राहायचे.” आणि लगेच चंदनशेठला, “असली है ना?”

“अंकल, असली चमडा जलता नहीं. आग लगाके दिखाऊँ?”

चंदनशेठने लायटर काढला. मित्रांनो, मी रेक्झिन! ज्योत लागताच मेणासारखा वितळलो असतो. ज्योत पेटली, माझ्याकडे आली, मला तिची धग लागली, आणि आता भांडं फुटणार म्हणून मी अंग सोडून दिलं. पण चंदनशेठचा हात तयारीचा होता. बोलता बोलता त्याने तळहाताआड लपवलेला खऱ्या चामड्याचा एक तुकडा माझ्यापुढे सरकवला आणि ज्योत त्याला लावली. तुकडा जळला नाही. केस करपल्यासारखा वास मात्र सुटला.

“देखा?”

“वा!” काका म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला माझ्या भीतीतही वाईट वाटलं. घड्याळाला मला जोडून त्यांनी डबी परत रुमालात बांधली.

खारी गावाला लागूनच्या एका इमारतीत काकांचं घर. तिथे एकच धांदल उडाली होती. काकांची मुलगी रुचिता आणि तिच्या ऑफिसातला निहार यांना लग्न करायचं होतं. निहारचे वडील गुणवंतभाई, भाईंदर पश्चिमेला भांड्यांचं दुकान असलेले, पक्के जैन. मासळी खाणाऱ्या घरातली मुलगी कशी करायची, म्हणून ते किती तरी दिवस अडून बसले होते. निहारने खूप विनवल्यावर एवढंच म्हणाले होते, “एकदा घर बघतो. मग हो की नाही ते सांगतो.” आणि ते आज येणार होते.

काकांच्या पत्नी सुलूकाकींनी तर घर धुऊन काढलं. सुकटीचा डबा, बोंबलाची बरणी, सगळं शेजारणीकडे. तवासुद्धा नवा आणला. “कांदा नाही, लसूण नाही, बटाटाही नाही. मग पोह्यात घालू काय, माझं डोकं?” असं म्हणत म्हणत त्यांनी मटार सोलले. रुचिता कोपऱ्याकोपऱ्यात नाक खुपसून वास येतो का बघत होती.

“पप्पा, आज काही चुकायला नको हं,” ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता. “ते एकदा नाही म्हणाले ना, की निहार त्यांच्याविरुद्ध जाणार नाही. आणि मीही त्याला जा म्हणणार नाही.”

“काही चुकत नाही गं. मी असं काही आणलंय की बघत राहतील!” काकांनी खिशावर हात मारला. काय आणलंय, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. आयत्या वेळी सगळ्यांना चकित करायचं होतं ना त्यांना.

काकांनी डबी पुन्हा एकदा उघडून बघितली, तेव्हा मला समोरचा सोफा दिसला आणि मी गारच पडलो. तो रेक्झिनचा होता, माझा सख्खा भाऊच! बसायच्या जागी त्याची सालं निघून आतलं पांढरं कापड दिसत होतं. काकींनी तेवढ्यावरच चादर टाकली. मला वाटलं, हा मला ओळखणार आणि माझं पितळ उघडं पाडणार.

गुणवंतभाई आले. उंच, शांत माणूस, धंद्यात इतकी वर्षं काढल्यामुळे मराठी सफाईदार. दारात त्यांनी कापडी बूट काढले. निहार मागोमाग आला. बोलणं बरं चाललं. कांदा नसलेले पोहे त्यांनी दोनदा घेतले. सुलूकाकींच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. तेवढ्यात काकांनी डबी काढली.

“गुणवंतभाई, आमच्याकडून ही छोटीशी भेट.” आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मला त्यांच्या मनगटावर बांधलं.

निहारचा चेहरा एकदम पडला. रुचिताचा हात तोंडाशी गेला. मला कळेना, काय झालं! मग गुणवंतभाईंनी वरच्या खिशातून चष्मा काढला. चष्म्याचं घरही कापडी, निहारच्या कमरेचा पट्टाही विणलेला. आता माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. गुणवंतभाईंच्या घरात चामड्याला शिवत नाहीत. मासळी शेजारी गेली, कांदा-लसूण गेला, पण मनगटाचा विचार कुणी केलाच नव्हता. काकांच्या हिशेबी पट्टा म्हणजे पट्टा. त्याच्या आत एक मेलेला जीव असतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“दशरथभाई,” गुणवंतभाई सावकाश म्हणाले, “हा पट्टा कशाचा?”

रुचिता घाईघाईने म्हणाली, “पप्पा, रेक्झिनचा आहे ना? रेक्झिनचाच असणार. हो ना पप्पा?” तिचे डोळे काकांना विनवत होते, हो म्हणा, फक्त हो म्हणा.

अहो, मीसुद्धा ओरडत होतो! जन्मभर जे लपावं म्हणून मी थरथरलो, तेच आता कुणीतरी मोठ्याने सांगावं म्हणून तळमळत होतो. म्हणा काका, रेक्झिन म्हणा! खोटं नाही ते, देवाशपथ खरं आहे! पण पट्ट्याला कुठलं तोंड?

काकांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मुलीकडे पाहिलं. एका शब्दाने तिचं सगळं सावरणार होतं. त्यांचे ओठ हललेही. मग त्यांनी खाली बघितलं.

“नाही गं बाळा,” ते म्हणाले. “मगरीचा आहे, गुणवंतभाई. असली. मी स्वतः निवडून आणला. तुमच्यासमोर आपण कमी दिसू नये, एवढंच डोक्यात होतं. बाकी काही सुचलंच नाही. माझं चुकलं. पोरीला यातलं काही माहीत नव्हतं, तिच्यावर राग धरू नका.”

रुचिता रडायलाच लागली. गुणवंतभाईंनी फक्त हात पुढे केला, काढून घ्या म्हणून.

काका मला सोडवायला लागले. त्यांची बोटं घामाने ओली. नवं बक्कल घट्ट. सुटेना. त्यांनी ओढलं, पिरगाळलं, पुन्हा जोर लावून ओढलं. आणि भोकापाशी माझं अंग चर्रकन सोललं. खवल्यांचा एक पापुद्रा उभा राहिला आणि खालून पांढरं कापड दिसायला लागलं. ज्या क्षणाची मी जन्मभर धास्ती घेतली होती, तो हाच.

“अगो बाई!” सुलूकाकी पुढे झाल्या. त्यांनी पापुद्रा नखाने उचकटला. “अहो, कसली मगर आणि कसलं काय! हे आपल्या सोफ्याचंच आहे!” आणि इतका वेळ जपलेली चादर त्यांनी सगळ्यांसमोर खस्सकन ओढली. “बघा गुणवंतभाई, आहे की नाही तेच?” मग त्या काकांकडे वळल्या. “तुम्हाला टोपी घातली हो कुणीतरी! मला विचारून जायचं ना!”

गुणवंतभाईंनी सोफ्याचं साल पाहिलं, माझं साल पाहिलं, दोन्ही बोटांत चोळली. काका पार ओशाळले होते. आधी चामडं दिलं म्हणून, आता नकली दिलं म्हणून. कुठे तोंड लपवावं, त्यांना कळेना.

“दशरथभाई,” गुणवंतभाई म्हणाले, “मुलगी सांगत होती त्याला तुम्ही नुसतं हो म्हटलं असतं ना, तर खरं निघालं असतं. नि मी विसरूनही गेलो असतो.” त्यांनी माझ्या सोललेल्या अंगावरून अंगठा फिरवला. “पण मग तुम्ही कसे आहात, ते मला कधी कळलं नसतं.”

त्यांनी मनगट मागे घेतलं आणि अर्धवट सुटलेलं माझं बक्कल स्वतः पुन्हा लावलं.

“राहू दे. साखरपुड्याची तारीख काढा.”

सुलूकाकींनी पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराने सोफाही पुसून टाकला.

पुढे मी गुणवंतभाईंच्या मनगटावर दुकानात बसलो. सालं निघत गेली. गिऱ्हाइकं म्हणायची, “शेठ, एवढं मोठं दुकान आणि असला पट्टा?” निहार नवा आणून द्यायचा, ते ठेवून द्यायचे. शेवटी भोकं फाटून घड्याळ गळून पडायला लागलं, तेव्हा कुठे त्यांनी विणलेला पट्टा घेतला आणि मला खणात ठेवलं, टाकलं नाही. त्यांच्या घामाने माझ्या पाठीवरची सोनेरी अक्षरं केव्हाच पुसली गेली होती. मगर गेली, नुसता मी उरलो. लग्नाच्या आल्बमशेजारी मी पडून आहे.

तेव्हा मित्रांनो, एक मागणं आहे. आपल्या वस्तू जपा, पण त्यांच्या पाठीवर भलतं नाव मारू नका. रेक्झिनला रेक्झिन म्हणा. ते बिचारं निमूट काम करतं. नसलेलं नाव सांभाळायला लावलंत, तर ते जन्मभर भीतीने मरतं. माझं भय तर अजून पुरतं गेलेलं नाही. सकाळी देवापुढे दिवा लावायला रुचिता काडी ओढते, तेव्हा मी खणात दचकतो. मग ती गुणगुणत दिवा लावते, काडी फुंकते, आणि मला आठवतं की आता इथे सगळ्यांना ठाऊक आहे, मी कशाचा आहे ते.