हाड म्हटलं की

कुत्र्यांना वळण लावणाऱ्या रूपसिंगच्या गाडीत मागे पिंजरा होता आणि त्याचं दार आधीच उघडून ठेवलेलं होतं. नलूबाईंची नजर त्या दारावरून हलत नव्हती.

उमरखेडच्या त्यांच्या घराच्या अंगणात रविवारी सकाळी सगळे उभे होते. त्यांचा मुलगा संघदीप, सून उर्वशी आणि शेजारचे बबनराव. बबनरावांच्या कोपराला पट्टी आणि हातात काठी. चार महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू, ब्राउनी, गप्प बसलं होतं; त्याच्या गळ्यातली जाड दोरी रूपसिंगच्या हातात होती. आठवड्यापूर्वी ते बबनरावांच्या अंगावर धावलं, आणि मागे सरता सरता ते पायरीवरून पडले. सोमवारपर्यंत बंदोबस्त करा, नाही तर नगर परिषदेत अर्ज देतो, असं त्यांनी बजावलं होतं.

संघदीपने कुत्र्यांना शिकवणारे दोन वर्ग शोधले होते. रूपसिंग पिल्लाला दोन महिने यवतमाळला आपल्याकडेच ठेवून घेणार होता. दुसरा वर्ग गावातल्याच शाळेच्या मैदानावर दर रविवारी भरायचा. नयन नावाची जनावरांची डॉक्टर तो चालवायची, पण तिथं घरचं माणूस सोबत लागायचं आणि रोज घरी सराव करून घ्यावा लागायचा. एवढा वेळ ना संघदीपला होता, ना उर्वशीला. म्हणून रूपसिंग ठरला. नलूबाईंना कुणी विचारलंच नाही.

"काय झालतं ते एकदा दाखवा मले," रूपसिंग म्हणाला.

"दाखवाचं काय त्यात?" बबनराव उसळले. "मी फाटकातून येऊन राह्यलो होतो. हा समोर आला. मी हाड म्हटलं. कोणतंही कुत्रं हाड म्हटलं की मागं सरते. हे बेटं उलटं धावत आलं!"

"म्हणा बरं आता."

बबनरावांनी दोन पावलं मागे घेतली, काठी उगारली. "हाड!"

पिल्लानं झेप घेतली. दोरी ताणली गेली, पुढचे पाय हवेत गेले. दुसऱ्यांदा हाड म्हटल्यावर ते आणखी जोरात ओढू लागलं.

"याले धाकच नाही," रूपसिंग म्हणाला. "असं कुत्रं मोठं झालं की चावते. टायमावर बोलावलं तुम्ही." त्यानं कागद काढला आणि संघदीपच्या हातात पेन दिलं.

नलूबाई मात्र पिल्लाची जीभ पाहत होत्या. ते ओठ चाटत होतं. त्याचे डोळे काठीवर नव्हते, बबनरावांच्या मिटलेल्या डाव्या मुठीवर होते. ही नजर नलूबाईंच्या ओळखीची होती.

फुलसावंगीला, माहेरी, त्यांची आई चुलीपुढे बसायची आणि आजी ओसरीवर. दारात कुत्रं आलं की आई ओरडायची, "हाड! हाड मेल्या!" आणि त्याच हातानं भाकरीचा तुकडा दाराबाहेर टाकायची. ओरडणं आजीला ऐकू जायचं, तुकडा दिसायचा नाही. नलूबाई पाच वर्षांच्या असताना हे शिकल्या. सासरीही तसंच केलं, आणि आता मुलाच्या राज्यातही. पिल्लाला पिशवीतल्या खाद्याशिवाय काही द्यायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. उर्वशी तो कसोशीनं पाळायची. नलूबाई स्वयंपाकघरातून मोठ्यानं हाड म्हणायच्या, आणि पोळीचा तुकडा हातातून सुटायचा.

मागच्या महिन्यात पिल्लाला जुलाब लागले. उर्वशी दोन रात्री त्याच्यापाशी बसली. घरातलं काही दिलं नाही, असं तिनं डॉक्टरांना छातीठोक सांगितलं होतं.

पेनाचं टोक कागदाला टेकलं.

"थांब," नलूबाई म्हणाल्या. "सही नको करू. त्याले हाड म्हंजे ये वाटते. मीच शिकवलं त्याले."

त्यांनी सगळं सांगितलं. बोलताना सुनेकडे पाहायचं धाडस होईना.

"म्हणजे ते जुलाब..." उर्वशी म्हणाली.

"पोळीचेच असतीन, बाई."

संघदीप वैतागला. "आई, त्याले पाठवू नये म्हणून तू काहीही सांगून राह्यली."

"मंग दोरी सोडा. बबनराव, काठी ठेवा खाली, मूठ उघडा अन् हाड म्हणा. तो चावला तं मीच त्याले पिंजऱ्यात बसवीन."

"काकू, मले काहून मारता!" बबनराव म्हणाले. काठी त्यांनी ठेवली नाही. पण डावा हात हळूहळू पुढे केला. रूपसिंगनं दोरी सोडली.

"हाड." ते नुसतेच पुटपुटले.

पिल्लू सुटलं. फरशीवर त्याचे पाय घसरले. काठी वर गेली. नलूबाईंना डोळे मिटावेसे वाटले, पण त्यांनी मिटले नाहीत. पिल्लानं बबनरावांच्या तळव्यात नाक खुपसलं, तळवा चाटला आणि समोर बसून ते वर पाहू लागलं.

"धुऊनच काढला बापा हात!" बबनराव म्हणाले, आणि स्वतःच दचकून हसले.

रूपसिंग हसला नाही. "मावशी, रस्त्यावर कोणी मूठ उघडत नाही. माणूस हाड म्हणन, हा धावन, तो गोटा मारन. एखाद दिवशी डोक्यातच लागन."

नलूबाईंनी फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. आतापर्यंत त्यांना फक्त पिंजरा दिसत होता.

"माह्याजवळ ठेवा. दोन महिन्यांत विसरवतो."

"अन् वापस आल्यावर? सैपाकघरात मीच राहीन ना. माही सवय कोण मोडन? याच्याआधी मलेच वर्गात घाला."

संघदीपनं उर्वशीकडे पाहिलं. बराच वेळ ती पिल्लाच्या गळ्यातली दोरी नीट करत राहिली.

"नयनचा वर्ग साडेआठला असते," ती शेवटी म्हणाली. "पंधरा मिनिटं हायेत. चप्पल घाला, आई."

रूपसिंग रिकामा पिंजरा घेऊन परतला, आणि बबनराव त्यांच्याबरोबर मैदानावर आले. तिथं नयननं सगळं ऐकून घेतलं आणि काम वाटून दिलं. बबनरावांनी हाड म्हणायचं आणि काही द्यायचं नाही. नलूबाईंनी दुसऱ्या टोकाला मुठीत खाऊ धरून उभं राहायचं. "पण तोंडातून शब्द काढायचा नाही, आजी. तो आपणहून वळला तरच द्यायचं."

"मी काठी ठेवणार नाही," बबनरावांनी आधीच सांगून टाकलं.

पहिल्यांदा पिल्लू धावत त्यांच्याकडेच गेलं. दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदाही. रिकामा हात हुंगून ते गोंधळून जायचं. नलूबाईंच्या मुठीतला खाऊ घामानं ओला झाला. उर्वशी शेजारी उभी राहून फक्त पिल्लाकडे पाहत होती.

चौथ्यांदा हाड ऐकून पिल्लू निघालं आणि मैदानाच्या मधोमध थांबलं. त्यानं बबनरावांकडे पाहिलं, मग मान वळवून नलूबाईंकडे. त्याला बोलवायला 'हाड' हा शब्द नलूबाईंच्या अगदी दातांशी आला. त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी दाबून धरला.

पिल्लू अजून मधेच उभं होतं.