यादीत सगळ्यात खाली बहन

मी अर्ज बोलतोय. कागदावरचा नाही, हथखोज नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका कारखान्यातल्या कॉम्प्युटरात राहणारा. थकलो बापा! मला वाचायचं लोकांच्या जिवावर येतं, भरायचं त्याहून.

शहाण्णव साली हापिसातल्या नरहरीबाबूंनी मला वर्डमध्ये घडवलं. नाव टाइप करायला राखाडी घरं, होय-नाहीला चौकोन, नात्यासाठी उघडणारी यादी. बाकी मजकुराला पासवर्डचं कुलूप. "असा फार्म अख्ख्या हथखोजात नाही!" असं सांगत ते कितीतरी दिवस मिरवले. हौस फिटली, अन् माझ्या वाट्याला रोजची खटखट आली.

मला भरून छापलं की कामगाराच्या घरच्या माणसाचं दवाखान्याचं कार्ड तयार. मुलूख हिंदी, म्हणून कारभारही हिंदीतला. यादीत वर पत्नी, मग पुत्र, पुत्री, माता, पिता, आणि सगळ्यात खाली बहन. यादी उघडलीच नाही, तर वरचं नातं तसंच राहतं. बहुतेक जण बायकोचंच कार्ड मागतात, म्हणून नरहरीबाबू टॅब दाबत पुढे सटकायचे.

एकदा कोहक्याहून देवाजी आला, भट्टीवरचा कामगार. त्याची विधवा बहीण मथुरा त्याच्याचकडे राहायची. पित्ताशयात खडे, ऑपरेशन ठरलेलं. नरहरीबाबूंनी सवयीनं खटाखट टॅब दाबले, मला छापलं, साहेबांची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी मथुरा टेबलापुढे उभी, बाजूला देवाजी. एक हात पोटावर, दुसऱ्यात कार्ड.

"बाबूजी, हे काय लिवलं? मी याची बायको आहो का?"

नरहरीबाबू वरमले. "चुकलं, बाई. पण साहेब दौऱ्यावर गेले. नवी सही कोठून आणू? इलाज तर होईल ना!"

"नर्स मोठ्यानं वाचते कार्ड. भाऊ बाजूले उभा, अन् मी पत्नी म्हणून हाजिर होऊ? त्यापेक्षा मरन पुरवलं!"

"माही बहीण ऐकून नाही राहिली, बाबूजी," देवाजी खाली मान घालून म्हणाला.

साहेब आठवड्यानं परतले, तोवर ऑपरेशन अडून राहिलं. नवं कार्ड न्यायला आलेला देवाजी सांगत होता, मथुरा उशीत तोंड दाबून कण्हते, पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून. मग ऑपरेशन झालं, बाई वाचली.

अर्ज घडवणाऱ्यांनो, यादीतली पहिली जागा रिकामी ठेवत जा रे. एक बाई आठवडाभर कळा सोसत पडून राहिली, आणि तिचं खरं नातं बोटाच्या दोन-चार टिचक्यांवर होतं.